‘कोणाकडून आलास?’ हा प्रश्न आता गेटवर नको

जालना जिल्ह्यातील कारखानदार आणि बियाणे कंपन्यांच्या मालक-संचालकांना खुले पत्र

माननीय उद्योजक बंधू-भगिनींनो,



मी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवतो. विद्यार्थ्यांच्या ओजेटीचं, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घ्यायच्या प्रशिक्षणाचं, काम माझ्याकडे आहे. हे पत्र कोणा एकाला नाही. भट्ट्या आणि रोलिंग मिल चालवणारे, बियाणे कंपन्यांचे संचालक, जिनिंगवाले, दालमिलवाले, मोठ्या दवाखान्यांचे डॉक्टर, सीए मंडळी, ज्यांच्या दाराशी दर उन्हाळ्यात मुलं-मुली “साहेब, थोडे दिवस शिकू द्या” म्हणून येतात, त्या सगळ्यांना आहे. भेटून बोलता आलं असतं. पण ओळखीविरुद्ध बोलायला ओळखीनेच आत शिरायचं, हे पटेना. म्हणून उघड लिहितो.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्यात जे अभ्यासक्रम आले, त्यात ओजेटीला चार श्रेयांक आहेत. एका श्रेयांकाला तीस तास, म्हणजे एकूण 120 तास. एमएस्सी, एमकॉमच्या मुलांना 2023-24 पासून ते पहिल्याच वर्षी करावे लागतात आणि आता पदवीच्या मुलांचीही त्यातून सुटका नाही. पॉलिटेक्निकच्या मुलांना औद्योगिक प्रशिक्षण आधीपासून आहेच. पूर्वी इंटर्नशिप ही पुण्या-मुंबईच्या मुलांनी करायची गोष्ट होती. आता मंठ्याच्या, जाफराबादच्या, घनसावंगीच्या मुलालाही ती केल्याशिवाय गुणपत्रिका मिळत नाही. सक्ती सगळ्यांवर आली, जागा मात्र कुठेच लिहिलेल्या नाहीत. मग घराघरांत एकच शोध सुरू होतो: एमआयडीसीत आपलं कोण आहे?

ज्यांचं कोणी आहे त्यांचं काम एका फोनवर होतं. ज्यांचं कोणी नाही त्यांची गोष्ट सांगतो.

जाफराबाद तालुक्यातली एक मुलगी. वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करत होती, प्रयोगशाळेत हात चांगला, वही तर बघत राहावी अशी. तिला बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत शिकायचं होतं, आणि ते जालन्यात नाही तर कुठे शिकायचं? महाविद्यालयाचं पत्र, ओळखपत्र, गुणपत्रिका प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून ती एका कंपनीच्या गेटवर गेली. वॉचमनने विचारलं, “कोणाकडून आलात?” ती म्हणाली, “कॉलेजकडून.” तो म्हणाला, “तसं नाही हो ताई. आत कोणाचं नाव सांगू?” तिच्याकडे सांगायला नाव नव्हतं. वॉचमन वाईट माणूस नव्हता. त्याने तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं, आत फोनही लावला. आतून निरोप आला की सध्या कोणाला घेत नाही. त्याच आठवड्यात त्याच कंपनीत आमच्याच वर्गातला एक मुलगा रुजू झाला. त्याचे मामा तिथे माल पोचवतात.

त्या मुलाचा मला राग नाही. मुलगा साधा आहे, कामालाही बरा आहे. मामाने शब्द टाकला नसता तर भाच्यानेच मामाला वाईट म्हटलं असतं. माझी तक्रार वेगळी आहे. “सध्या कोणाला घेत नाही” हे त्या मुलीच्या बाबतीत खरं होतं आणि त्या मुलाच्या बाबतीत खोटं होतं. एकाच गेटवर एकाच आठवड्यात दोन उत्तरं होती, आणि कोणतं कोणाला द्यायचं हे कोणी कधी बसून ठरवलंही नव्हतं.

एक गोष्ट आधीच कबूल करतो, म्हणजे आपला गैरसमज होणार नाही. नाती-गोती वापरणं हे पाप आहे असं मला म्हणायचं नाही. जालना नात्यांवरच उभं राहिलं. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, तेव्हा बीजोत्पादनासाठी आसपासच्या गावांतले शेतकरीच हवे होते. संकरित बियाण्याचा प्लॉट एकट्याने घेऊन भागत नाही. शेजारच्या रानात त्याच पिकाचं दुसरं वाण फुलोऱ्यात असेल तर परागकण उडून येतात आणि सगळा माल बाद होतो. म्हणून ठरलेलं अंतर राखावं लागतं आणि त्यासाठी शेजाऱ्याला, भावकीला राजी करावं लागतं. चुलत्याने प्लॉट घेतला म्हणून पुतण्याने घेतला, मेहुण्याला पैसे मिळालेले दिसले म्हणून दाजीने घेतला. असा हा धंदा गावोगाव पसरला. बारवाल्यांना 1998 साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि 2001 साली पद्मभूषण. त्या मानात या नात्यांच्या जाळ्याचाही वाटा आहे.

बाजारपेठेतली जुनी पेढी बघा. गावाकडून आलेला भाचा मामाच्या गादीजवळ बसूनच वहीखातं शिकला. रोलिंग मिलमध्ये मिस्त्री आपल्या गावची पोरं आणतो. आपल्या जिल्ह्यातून कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारी माणसंही मुकादमाच्या ओळखीने, नात्यागोत्याच्या टोळीनेच जातात. गरिबाला काम मिळतं तेही ओळखीनेच. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1973 साली दाखवून दिलं की नोकरीची बातमी बहुधा घरच्या माणसांकडून येत नाही, ती लांबच्या ओळखीतून येते. घरच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. नवं काही कळतं ते दूरच्या माणसाकडून. आमच्या मुलांची अडचण नेमकी इथे आहे. ऊसतोड कामगाराच्या मुलाला ओळखी कमी नाहीत. पण त्या सगळ्या ओळखी उसाच्या फडाकडे नेतात, प्रयोगशाळेकडे एकही नेत नाही.

आपल्या बाजूनेही कारणं आहेत आणि ती खोटी नाहीत. बियाणे कंपनीचा जीव तिच्या नर-मादी वाणांत असतो. ती बाहेर गेली तर वर्षानुवर्षांची मेहनत दुसऱ्याच्या पोत्यात जाते. अनोळखी पोराला तिथे फिरू कसं द्यायचं? भट्टीपाशी तर प्रश्न जिवाचा आहे. वितळलेलं लोखंड ओतलं जात असताना कुठे उभं राहायचं आणि कुठे नाही, हे न कळणारा मुलगा आत आला आणि काही झालं तर जबाबदार कोण? ओळखीचा मुलगा असला की निदान त्याच्या बापाला गाठता येतं. हा हिशेब मला समजतो. पण या काळजीला दुसरे इलाज आहेत: महाविद्यालयाचं हमीपत्र, गुप्ततेचं लेखी वचन, अपघात विमा, पहिल्या दिवशी सुरक्षेची शिकवणी. या चार गोष्टींनी जी खात्री मिळते ती मामाच्या शब्दापेक्षा कमी नाही. गुपित फोडायचं असेल तर भाचाही फोडतो आणि ठिणगी उडते तेव्हा ती पोर कोणाचं हे विचारत नाही.

तेव्हा प्रश्न ओळख वापरावी की नाही असा नाही. ती कशासाठी वापरली, हा आहे. माझ्या टेबलावर जे येतं त्यावरून मला चार तऱ्हा दिसतात.

पहिली तऱ्हा बातमीची. काकाने सांगितलं, अमुक ठिकाणी मुलं घेतात, अर्ज कर. यात कोणाचं काही बिघडत नाही. उलट काकाने ती बातमी आणखी चार मुलांना सांगितली तर पुण्यच आहे.

दुसरी तऱ्हा परिचयाची. “हा माझा पुतण्या, मुलगा बरा आहे, एकदा बघून घ्या.” बघून घ्या म्हटलं आणि खरोखर बघितलं, आणि इतरांनाही बघितलं, तर हेही चालण्यासारखं आहे. मात्र बघण्याचं काम काकाने करू नये आणि रुजू झाल्यावर पुतण्याची हजेरी काकाच्या हाताखाली असू नये.

तिसरी तऱ्हा दडपणाची. इथून ओळखीचा वशिला होतो. फोन करणारा आपला सावकार असतो, मोठं गिऱ्हाईक असतं, नगरसेवक असतो, किंवा आपल्या कारखान्याची तपासणी करणारा, परवाना देणारा, कर्ज मंजूर करणारा अधिकारी असतो. तिथे मुलगा कसा आहे हे आपण बघतच नाही, फोन कोणाचा आहे ते बघतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी 1964 पासूनचे वर्तणूक नियम आहेत. त्यांच्या चौथ्या नियमात सांगितलं आहे की कर्मचाऱ्याने आपल्या पदाचा किंवा वजनाचा वापर करून घरातल्या माणसाला कोणत्याही कंपनीत नोकरी लावून घेऊ नये. तिथे शब्द नोकरी असा आहे, इंटर्नशिप नाही. पण ज्या कारणासाठी नियम केला ते कारण दोन्हीकडे एकच आहे. आज पोराला घेतलं, उद्या फाइल पुढे सरकली. त्या पोराची जागा ही मग शिकण्याची जागा राहत नाही, ती देण्याघेण्यातली एक रक्कम होते.

चौथी तऱ्हा सही-शिक्क्याची, आणि ती मला सगळ्यांत वाईट वाटते. इथे मुलगा कंपनीत जातच नाही. “काका, तेवढं सर्टिफिकेट देऊन टाका, पोराची परीक्षा आहे.” काका देऊन टाकतात. कोणाची जागा गेली नाही, कोणाचं नुकसान झालं नाही, असं दोघांनाही वाटतं. मी असे हजेरीचे तक्ते बघतो. पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत एकाच पेनाची, एकाच दमात केलेली सही. रविवारची हजेरी लागलेली. धुळवडीच्या दिवशी अख्खी एमआयडीसी बंद असते, त्या दिवशीही पोरगं सकाळी नऊ ते पाच कामावर! खाली कंपनीचा गोल शिक्का, स्वच्छ, जांभळ्या शाईचा. अशा कागदाने नुकसान होतं ते त्याच वर्गातल्या दुसऱ्या मुलाचं. तो खरोखर 120 तास उभा राहिला, हात भाजून घेतला, बिलेट आणि सळई यांतला फरक डोळ्यांनी शिकला. पण त्याचा कागद आणि हा कागद दिसायला सारखेच आहेत. पुढे मुलाखत घेणारा शहाणा असेल तर तो दोन्ही बाजूला सारतो. आपल्याच एका सहीने आपण दुसऱ्याच्या मेहनतीची किंमत शून्य करतो.

आता आपल्याच धंद्यातलं उदाहरण देतो. बियाण्याचा लॉट आला की त्यातून नमुना काढतात, चारशे दाणे मोजतात, ओल्या कागदात गुंडाळून ठरलेल्या तापमानात ठेवतात, ठरलेल्या दिवशी उघडून किती दाण्यांना सशक्त कोंब आले ते मोजतात. टक्केवारी बसली तर टॅग, नाही तर लॉट बाद. हा प्लॉट मालकाच्या सख्ख्या साडूचा आहे, म्हणून न तपासता टॅग लावा, असं आपल्यापैकी कोणी म्हणेल? 1966 चा बियाणे कायदा आड येईल हे एक, आणि त्याहून मोठी भीती ही की पुढच्या खरिपात शेतकरी दारात उभा राहील. साडूचा प्लॉट चालतो, साडूच्या बियाण्यालाही चाचणी चुकत नाही. एवढीच शिस्त साडूच्या मुलालाही लावा, माझं मागणं यापेक्षा जास्त नाही.

आता जरा नाजूक गोष्ट. आपल्याकडे लग्नं जातीत होतात. त्यामुळे मामा, काका, साडू, मेहुणे, व्याही हे सगळे एकाच जातीचे असतात. मालकाच्या मनात जातीचा विचारसुद्धा नसेल; त्याने फक्त नात्यातल्या मुलांना घेतलं. पण दहा वर्षं नात्यातलीच मुलं घेतली की कारखान्याच्या कार्यालयात एका-दोन जातींचीच आडनावं दिसू लागतात आणि बाहेरच्याला वाटतं, इथे आपलं काम नाही. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवून पाहिले होते. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जदारांना कमी बोलावणी आली. तो अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी कंपन्यांच्या भरती करणाऱ्यांशी बोलून लिहिलं की उमेदवाराची ‘फॅमिली बॅकग्राउंड’ विचारणं त्यांना अगदी साधं, गुणवत्तेचाच भाग असल्यासारखं वाटतं. आपल्या गेटवरचा “कोणाकडून आलास?” हा त्याचाच मराठवाडी भाऊ आहे. आणि थोरातांच्या अर्जदारांकडे निदान जाहिरात तरी होती. आमच्या मुलांना अर्ज करायला जाहिरातच नसते.

हे जालन्यात लिहिताना मी अंबड तालुका विसरू शकत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये अंतरवाली सराटीच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला आणि मराठा आरक्षणाचं आंदोलन राज्यभर पेटलं. जून 2024 मध्ये त्याच तालुक्यात वडीगोद्रीला ओबीसी आरक्षण वाचवण्यासाठी उपोषण झालं. कोणाची मागणी बरोबर, हा या पत्राचा विषय नाही. पण दोन्ही मांडवांत बसलेल्या बापांची काळजी एकच होती: माझ्या पोराला जागा मिळणार की नाही? सरकारी जागा थोड्या आहेत, पण त्यांची जाहिरात निघते, संख्या कळते, म्हणून त्यांच्यासाठी भांडता येतं, मोर्चा काढता येतो, कोर्टात जाता येतं. आपल्या कारखान्यांतल्या जागा, शिकायच्या आणि नोकरीच्याही, कुठे लिहिलेल्याच नसतात. न लिहिलेल्या जागेसाठी मोर्चा कुठे न्यायचा? दोन्ही बाजूंची बिनओळखीची पोरं त्या जागांना सारखीच मुकतात, आणि त्यांना ते कळतही नाही.

सरकारपुरता हा प्रश्न राज्यघटनेने सोडवला आहे. सरकारी नोकरीत धर्म, जात, लिंग यांबरोबरच कूळ पाहूनही भेदभाव करता येणार नाही, असं अनुच्छेद 16 मध्ये स्पष्ट आहे. डिसेंबर 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आंध्रातल्या एका गावच्या मुन्सफपदाचा खटला होता. जुन्या कायद्याने ते पद पिढीजात, आधीच्या माणसाच्या वारसाकडे जाणारं. न्यायालयाने ती तरतूद याच अनुच्छेदावर रद्द केली. गावचं पद कोणाच्या घरचं नाही, हे तेव्हा ठरलं. आपले कारखाने या अनुच्छेदाखाली येत नाहीत, मला माहीत आहे. कोणी आपल्याला कोर्टात खेचू शकत नाही. म्हणूनच ही गोष्ट कायद्याची न राहता नीतीची झाली आहे, आणि म्हणूनच नोटीस न पाठवता पत्र लिहितो आहे.

“कंपनी आमची, पैसा आमचा, कोणाला घ्यायचं ते आम्ही बघू.” हे उत्तर मी ऐकलं आहे. अर्धं बरोबर आहे. पण एमआयडीसीची जमीन लोकांकडून संपादन केलेली आहे. मराठवाड्यातल्या उद्योगांना विजेच्या दरात सवलत मिळाली, तिचा मोठा लाभ भट्ट्यांना झाला. ती सवलत राज्याच्या तिजोरीतून आली. समृद्धी महामार्ग, दरेगावचा ड्रायपोर्ट, मुंबईची वंदे भारत, हे सगळं आपल्या उद्योगांचं नाव घेऊनच जिल्ह्यात आलं. जाफराबादच्या त्या मुलीच्या बापाने काडीपेटीवर भरलेला करही त्यात आहे. त्याच्या बदल्यात तो जागा मागत नाही. आपल्या पोरीचा अर्ज कोणीतरी वाचावा, एवढंच मागतो आहे.

जागा उघड लिहिली की काय होतं, हे सरकारी योजनांमध्ये थोडंफार दिसतं. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जुलै 2024 मध्ये आली. बारावी पास मुलाला महिना 6,000 रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकाला 8,000, पदवीधराला 10,000, हे दर सगळ्यांना पाठ झाले. लोकांनी तिला ‘लाडका भाऊ’ म्हटलं. तिच्यातही दोष आहेत. गावात एकच जागा असली तर बातमी आधी कोणाच्या घरी पोचते, हे सांगायला नको. प्रशिक्षण संपल्यावर पुढे काय, हाही प्रश्न पोरांनी रस्त्यावर येऊन विचारला. तरी जागा किती, पैसे किती, पात्रता काय, हे छापलेलं असल्यामुळे पोराला निदान विचारता तरी आलं. केंद्राच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेने तर ऑक्टोबर 2024 मध्ये सुरुवातीलाच अट घातली की घरातल्या कोणाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या वर असेल किंवा कोणी कायम सरकारी नोकरीत असेल, तर अर्ज करता येणार नाही. ज्यांच्या घरी फोन करायला माणूस आहे त्यांनी ही रांग सोडावी, असाच तिचा अर्थ. आपण एवढं कडक होऊ नका. रांग मात्र असू द्या.

आणि कायद्याचंच बोलायचं तर एक गोष्ट आपल्यावर आधीच बंधनकारक आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. विद्यावेतनाचा पंचवीस टक्के भाग, महिना 1,500 रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. आपल्या कित्येक मिल या तीसच्या पुढच्या आहेत. ही यादी जरी नीट भरून गेटवर लावली तरी जिल्ह्यातल्या आयटीआयच्या पोरांना वशिल्यासाठी कोणाच्या पाया पडावं लागणार नाही.

तेव्हा माझ्या विनंत्या अशा.

दर वर्षी जानेवारीत एक पानाची यादी काढा. आपल्याकडे उन्हाळ्यात किती मुलांना शिकवता येईल, कोणत्या विभागात, कोणत्या शाखेची मुलं हवीत. एक जागा असेल तर एक लिहा. ती जिल्ह्यातल्या सगळ्या महाविद्यालयांना, पॉलिटेक्निकला, आयटीआयला एकाच दिवशी पाठवा.

अर्ज आले की निवडणारा माणूस अर्जदारांचा नातेवाईक नसावा. कोणाची शिफारस आली असेल तर ती अर्जावर उघड लिहावी. लिहायला लाज वाटते ती शिफारस मग आपोआप गळते.

थोडं तरी विद्यावेतन द्या. ओळख मुलाला नुसती जागाच देत नाही, राहायला घरही देते. ज्याची मावशी शहरात आहे तो फुकट शिकू शकतो. ज्याची नाही त्याला खोलीचं भाडं, मेस आणि एसटी यांचा खर्च येतो. मुलींच्या बाबतीत तर आई-वडील आधी विचारतात, तिथे आपलं कोण आहे? फुकटची इंटर्नशिप ही न बोलता केलेली निवडच असते. दोन-तीन कंपन्यांनी मिळून मुलींसाठी वसतिगृहाच्या चार खाटांची सोय केली तरी मंठ्याच्या पोरीला दार उघडतं.

आणि न आलेल्या मुलाला सर्टिफिकेट देऊ नका. स्वतःच्या मुलालाही नाही.

पालकांना आणि विद्यार्थ्यांना यातच दोन शब्द सांगतो, कारण हे पत्र तेही वाचतील. ओळख असेल तर बातमी विचारा, भेट मागा. निकाल मागू नका. आत गेल्यावर आपण कोणाच्या ओळखीने आलो ते लपवू नका. लपवावं लागत असेल तर तिथेच काहीतरी चुकलं आहे. आणि आपलं काम झालं की तिथली माहिती वर्गातल्या अशा एकाला द्या, ज्याचं तिथे कोणी नाही. ओळख ही जमिनीसारखी वाटण्या करून संपत नाही, ती दुसऱ्याला दिल्याने आपली कमी होत नाही.

आमच्याकडूनही काही येणं आहे. महाविद्यालयांनी पत्र देऊन हात झटकायचे, मुलांनी कुठेतरी जागा शोधायची आणि आम्ही शिक्का बघून गुण द्यायचे, असं आजवर बऱ्याच ठिकाणी चाललं. ते बंद व्हायला हवं. माझ्यापुरतं सांगतो: माझ्या विभागातल्या प्रत्येक मुलाच्या कामाच्या ठिकाणी मी स्वतः येईन, त्याच्या हजेरीवर मीही सही करीन, आणि खोट्या तक्त्याला गुण देणार नाही, मग त्यावर कोणाचाही शिक्का असो. मुलाने आपल्याकडे काही गडबड केली तर तक्रार माझ्याकडे करा, उत्तर मी देईन. आपण मामाकडून जी हमी मागता ती महाविद्यालयाने द्यावी, हे योग्यच आहे.

शेवटी आपल्या घरच्याच मुलांविषयी. आपली मुलं, पुतणे, भाचे यांच्यात हुशार मुलं पुष्कळ आहेत. पण ओळखीने आत आलेल्या हुशार मुलालाही शॉपफ्लोअरवरचा फोरमन ‘साहेबांचा माणूस’ म्हणूनच वागवतो. त्याला कोणी चूक दाखवत नाही, अवघड काम देत नाही, ओरडत नाही. म्हणजे तो शिकतच नाही. तोच मुलगा यादीतून, चार अनोळखी मुलांबरोबर निवडून आला तर फोरमन त्याला सरळ कामाला लावेल आणि तो खरा तयार होईल. तेव्हा हे सगळं परोपकार म्हणून करा असं मी म्हणतच नाही. ज्यांच्या हाती उद्या आपला कारखाना द्यायचा आहे, त्यांच्यासाठी तरी करा.

येत्या जानेवारीत यादीची वाट बघतो.

आपला,
ओजेटी समन्वयक, जिल्ह्यातील एक महाविद्यालय
जालना